घरच्या घरी मुलांना चिनी वाचायला शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः सिंगापूर, शांघाय, तैपेई, हाँगकाँग अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी पालकांचे आहेत. मूल साधारण ४ ते ८ वर्षांचं, शाळेत चिनी हा विषय, आणि घरी कुणाला चिनी येत नाही किंवा जेमतेम येतं, असं धरून उत्तरं दिली आहेत. 'चिनी' म्हणजे इथे मँडरिन. कँटोनीजसाठी प्रश्न १५ पाहा. चिनी उच्चार देवनागरीत लिहिताना प्रश्न ५ मधली पद्धत वापरली आहे.

१. वाचायला शिकवायला कधी सुरुवात करावी?

वयापेक्षा कान तयार आहे का ते बघा. जो शब्द मुलाने कधी ऐकलेलाच नाही त्याचं अक्षर शिकवलं, तर त्याला आकार, उच्चार आणि अर्थ तिन्ही एकदम लक्षात ठेवावं लागतं आणि दोन दिवसांत तिन्ही विसरायला होतं. खाणं, शरीराचे अवयव, घरातली माणसं, रंग, आकडे आणि ये-जा-बस-दे अशी क्रियापदं मिळून दीड-दोनशे शब्द ऐकून समजायला लागले की अक्षरं सुरू करायला हरकत नाही. चिनी पाळणाघरात किंवा बालवाडीत जाणाऱ्या मुलाची ही तयारी चौथ्या वर्षीही झालेली असते. आठवड्यातून एकदाच शिकवणी असेल, तर आधी सहा महिने नुसती गाणी, गोष्टी आणि बोलणं ठेवा.

ओळखणं आणि लिहिणं एकाच दिवशी सुरू करू नका. लिहिण्याबद्दल प्रश्न ९ मध्ये आहे.

२. आम्हा दोघांनाही चिनी येत नाही. तरी घरी शिकवता येईल का?

वाचन पक्कं करून घेता येईल. उच्चार शिकवायला जाऊ नका. नवीन अक्षराचा पहिला उच्चार शिक्षिकेकडून, ध्वनिमुद्रणातून किंवा अक्षराला टेकवल्यावर बोलणाऱ्या पेनातून येऊ द्या. तुमचं काम आहे रोज १० ते १५ मिनिटं ठरलेल्या वेळी बसणं, उजळणीची कार्डं काढणं आणि कुठलं अक्षर अडतंय त्याची नोंद ठेवणं. रविवारी सलग तासभर बसण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं कितीतरी जास्त उपयोगी पडतात.

मूल तुमचे उच्चार सुधारायला लागलं तर सुधारू द्या. दुसऱ्याला सांगताना त्याचीच उजळणी होते.

३. सिम्प्लिफाइड शिकवावं की ट्रॅडिशनल?

शाळेत जे आहे ते. चीन, सिंगापूर आणि मलेशियात सिम्प्लिफाइड म्हणजे सोपी केलेली अक्षरं चालतात. तैवान, हाँगकाँग आणि मकाऊमध्ये ट्रॅडिशनल म्हणजे जुनी. चीनमध्ये सोप्या अक्षरांची योजना १९५६ मध्ये आली. मूल भारतात असेल आणि वर्ग अजून ठरायचा असेल, तर पुस्तकं सहज मिळतात म्हणून सिम्प्लिफाइड घ्या. घरात दोन्ही प्रकारची पुस्तकं मात्र पहिली दोन वर्षं मिसळू नका. नातेवाइकांनी तैपेईहून आणलेली सुंदर गोष्टीची पुस्तकं वाचून दाखवायला ठेवा.

४. पिनयिन आधी की अक्षरं आधी?

पिनयिन म्हणजे रोमन लिपीत चिनी उच्चार लिहिण्याची पद्धत. चीनने ती १९५८ मध्ये स्वीकारली. पूर्वी चीनमधल्या पहिलीत आधी पिनयिन यायचं. २०१७ पासून देशभर लागू झालेल्या पाठ्यपुस्तकात पहिला धडा थेट अक्षरांचा आहे (आकाश, जमीन, माणूस) आणि पिनयिन त्यानंतर येतं. तैवानमध्ये उलट आहे. तिथे बोपोमोफो नावाची ३७ चिन्हांची वेगळी पद्धत पहिलीच्या सुरुवातीचे दहा आठवडे शिकवतात आणि मुलांच्या पुस्तकांत ती अक्षराच्या उजव्या बाजूला उभी छापलेली असते.

परदेशातल्या मराठी मुलासाठी आमचं मत स्पष्ट आहे : पहिली शंभर-दीडशे अक्षरं ऐकून, पिनयिन न दाखवता. याच वयात मूल इंग्रजी वाचायला शिकत असतं. इंग्रजी 'सी' आणि पिनयिनचा 'सी' यांचे उच्चार वेगळे, 'क्यू'चे वेगळे, 'एक्स'चेही वेगळे, त्यामुळे दोन्ही वाचनं एकमेकांत अडकतात. इंग्रजी वाचन जरा सुटं झालं, म्हणजे साधारण सहा-सात वर्षांनंतर, पिनयिन तीन-चार महिन्यांत येतं. शाळेने आधी सुरू केलं असेल तर शाळेबरोबर जा. फक्त घरची कार्डं पिनयिनशिवाय ठेवा.

५. उच्चार देवनागरीत लिहून ठेवले तर चालेल का?

तुमच्या वहीत चालेल, मुलाच्या पुस्तकात नको. मूल अक्षर सोडून देवनागरीच वाचेल, आणि देवनागरीत सूर (टोन, म्हणजे आवाजाचा चढ-उतार; मँडरिनमध्ये पहिला ते चौथा असे चार) दाखवायची सोय नाही.

तुमच्या स्वतःच्या कानासाठी मात्र देवनागरी इंग्रजीपेक्षा कितीतरी बरी. चिनीतला फरक घोष-अघोषाचा (ब आणि प मधल्यासारखा) नसून हवेच्या झोताचा आहे, आणि अल्पप्राण-महाप्राण (प आणि फ मधला फरक) आपल्याला जन्मापासून ऐकू येतात. पिनयिनचा 'बी' म्हणजे आपला प, आणि 'पी' म्हणजे ओठ पूर्ण मिटून म्हटलेला फ ('फोन'मधला नव्हे). 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. 'जे' म्हणजे 'चहा'तला च, 'क्यू' म्हणजे 'छत्री'तला छ, 'एक्स' म्हणजे 'शिरा'तल्या श च्या जवळपास. 'झेड' म्हणजे 'चमचा'तला च! 'सी' म्हणजे तोच च, पण हवेचा झोत सोडत म्हटलेला. हिंदी किंवा इंग्रजी भाषकाला हा च मुद्दाम कमवावा लागतो, आपल्या तोंडात तो आधीच आहे. 'झेड-एच', 'सी-एच', 'एस-एच' हे तिन्ही जीभ मागे वळवून म्हणायचे. शेवटचा ष च्या जवळ जातो. या हिशेबाने 'बीजिंग' हे 'पेइचिंग' होतं.

दोन ठिकाणी देवनागरी हात टेकते. पिनयिनचा 'आर', आणि दोन टिंबांचा 'यू' (ओठ ऊ चे, जीभ ई ची). हे ऐकूनच शिकायचे.

६. वर्षाला किती अक्षरं यायला हवीत? वर्गातली चिनी मुलं फार पुढे आहेत.

ती पुढे असणारच. ती घरी तीच भाषा बोलतात. चीनच्या अभ्यासक्रमात दुसरीच्या अखेरीस सुमारे १६०० अक्षरं ओळखता यावीत आणि त्यातली ८०० लिहिता यावीत अशी अपेक्षा आहे. प्राथमिक शाळा संपताना सुमारे ३००० ओळखणं आणि २५०० लिहिणं. तिथेसुद्धा सुरुवातीला ओळखण्याचा आकडा लिहिण्याच्या दुप्पट आहे, हे पालकांच्या नजरेतून सुटतं.

घरी आठवड्याला ५ नवीन अक्षरं पुरेत. आजारपणं, सुट्ट्या आणि भारतवाऱ्या वजा जाता वर्षाला २०० होतात. ५०० अक्षरं झाली की मर्यादित शब्दांची मुलांची पुस्तकं बऱ्यापैकी वाचता येतात, आणि १००० सर्वाधिक येणाऱ्या अक्षरांत साध्या मजकुराचा सुमारे ९० टक्के भाग निघतो. एखाद्या आठवड्यात जुनी पाचांपैकी दोन विसरली असतील, तर नवीन देऊ नका.

७. पहिली अक्षरं कुठली निवडावीत?

'सोप्या आकाराची आधी' हा नियम अर्धाच खरा आहे. एक, दोन, तीन ही अनुक्रमे एक, दोन, तीन आडव्या रेघा. ती पहिल्या दिवशी येतात (आणि मूल चारसाठी चार रेघा काढतं, जे चूक आहे). पण नुसत्या सूर्य-चंद्र-डोंगरांची चित्रमय अक्षरं गोळा केली तर त्यांचं वाक्य होत नाही. वाक्य झालं नाही तर वाचन झालं नाही.

म्हणून पहिल्या वीसमध्ये हे सगळं हवं : मी, तू, आई, बाबा, आहे, नाही, असणं, आवडणं, खाणं, बघणं, मोठा, लहान, दोन-तीन प्राणी, आणि 'चा-ची-चे' सारखं काम करणारं 'त' हे अक्षर, जे चिनी लेखनात सगळ्यात जास्त वेळा येतं. वीस अक्षरांत 'मी मोठा मासा बघतो', 'आईला लहान मासा आवडत नाही' अशी डझनभर वाक्यं होतात. कार्डं जमिनीवर मांडून वाक्यं जुळवायला द्या. 'बाबा आईला खातात' असं वाक्य झालं की हसू फुटतं आणि शब्दक्रमही कळतो.

८. कार्डं नेमकी कशी करायची?

साधारण ८ सेंटिमीटरचे जाड पांढऱ्या कागदाचे चौकोन, सगळे एकाच मापाचे. पुढच्या बाजूला एकच अक्षर, काळ्या मार्करने किंवा छापून, पाठ्यपुस्तकातल्यासारख्या 'खाय-थी' वळणात. पुढच्या बाजूला चित्र नको आणि पिनयिनही नको. मागे ते अक्षर असलेले दोन शब्द आणि तुमच्यासाठी उच्चार.

एका बैठकीत दहा कार्डं : सात पक्की, तीन कच्ची. पक्क्याने सुरुवात, पक्क्यानेच शेवट. तीन सेकंदांत आलं नाही तर तुम्हीच सांगा आणि ते कार्ड दोन कार्डांनंतर परत आणा. डबे तीन करा : रोजचा, दर तिसऱ्या दिवशीचा, रविवारचा. कार्ड आलं की पुढच्या डब्यात, चुकलं की परत रोजच्यात.

बिघडतं कुठे? मूल अक्षराऐवजी कार्ड ओळखतं. दुमडलेला कोपरा, चहाचा डाग, निळ्या शाईचं एकच कार्ड, नेहमी कुत्र्यानंतर येणारी मांजर. म्हणून पंधरा दिवसांनी तेच अक्षर पुस्तकात, दुकानाच्या पाटीवर, दुधाच्या पुड्यावर शोधायला सांगा. तिथे ओळखलं तरच ते आलं असं धरा.

९. लिहायला कधी घ्यावं? रेघांच्या क्रमाचा एवढा बाऊ कशासाठी?

पेन्सिल नीट धरता आली की, बहुधा सहाव्या वर्षी. आणि ओळखीच्या अक्षरांपैकीच लिहायला घ्या. त्याआधी हवेत, रव्यात किंवा ओल्या बोटाने पाटीवर.

क्रमाचा उपयोग तीन ठिकाणी होतो. हाताला एकच हालचाल बसते, त्यामुळे अक्षर लक्षात राहतं. अक्षराचा तोल सुटत नाही. आणि रेघा मोजून शब्दकोशात शोधताना किंवा फोनवर बोटाने लिहिताना अडत नाही. मुख्य नियम : वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी रेघ आधी आणि उभी नंतर, डावीकडे उतरणारी आधी आणि उजवीकडे उतरणारी नंतर, मधली आधी आणि बाजूच्या नंतर ('लहान' अर्थाचं 'श्याओ'). पेटीसारख्या अक्षरात आधी भिंती, मग आतलं सामान, आणि तळाची रेघ सगळ्यात शेवटी.

'तोंड' अर्थाच्या 'खौ' वर हे तपासून बघा. दिसतो चौकोन, पण रेघा तीन : डावी उभी; वरची आडवी आणि तिथेच न थांबता वळून उजवी उभी, ही एक; मग तळाची. मुलं हा चौकोन एका दमात गोल फिरवून किंवा चार सुट्या रेघांनी काढतात. हे अक्षर शेकडो अक्षरांचा भाग असल्याने ही एक सवय लावून घेतली की पुढे खूप सुधारणा वाचतात.

वही 'थ्येन-च-क' घ्या, म्हणजे प्रत्येक चौकोनात तुटक अधिक-चिन्ह असलेली, चौकोन किमान दीड सेंटिमीटरचा. एका अक्षराचा कित्ता पाच वेळा बस. वीस वेळा लिहायला लावलं तर मूल आधी सगळ्या आडव्या रेघा ओळीने मारून घेतं, मग सगळ्या उभ्या, आणि अक्षर एकदाही लिहिलं जात नाही.

१०. पुस्तकात वर पिनयिन असलं की मूल तेवढंच वाचतं. काय करू?

अक्षरांच्या ओळीइतकी खिडकी कापलेली पुठ्ठ्याची पट्टी करा आणि ओळीवरून सरकवत न्या. अडलं तर पट्टी क्षणभर वर करा, पुन्हा झाका. नवीन पुस्तकं घेताना फक्त नव्या अक्षरांवर पिनयिन असलेली किंवा ते शेवटच्या पानावर असलेली शोधा. एका पानावर पाचाहून जास्त अक्षरं अडत असतील तर ते पुस्तक अजून 'वाचून दाखवायचं' आहे.

११. शेकडो अक्षरं पाठ करण्यापेक्षा काही युक्ती नाही का?

आहे, पण पहिल्या शंभरानंतर. अक्षरं तुकड्यांची बनलेली असतात. झाड म्हणजे 'मू'. दोन झाडं शेजारी म्हणजे 'लिन', झाडी. वर एक आणि खाली दोन अशी तीन म्हणजे 'सन', अरण्य. माणूस झाडाला टेकला की 'श्यौ', विश्रांती.

अशी चित्रकोडी मुलांना फार आवडतात, पण ती थोडी आहेत. बहुसंख्य अक्षरांत एक तुकडा अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा उच्चाराची. 'छिंग' (हिरवा-निळा) हा तुकडा घ्या. डावीकडे पाण्याचे तीन थेंब लावले की नितळ, सूर्य लावला की निरभ्र आकाश, बोलण्याचं चिन्ह लावलं की 'कृपया', हृदय लावलं की भावना. चौघांचाही उच्चार छिंग, फक्त सूर बदलतो (निरभ्र आकाश आणि भावना यांचा सूर मात्र एकच). डोळ्याचं चिन्ह लावलं की मात्र 'चिंग'. म्हणजे उच्चाराचा तुकडा अंदाज देतो, हमी नाही. असं एक कुटुंब एका मोठ्या कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवा; महिन्याला एक पुरे.

अर्थाच्या तुकड्यांपैकी पाणी, हात, तोंड, झाड, माणूस, बोलणं, किडा, गवत, हृदय, स्त्री हे दहा आधी ओळखायला शिकवा.

१२. सारखी दिसणारी अक्षरं सतत गोंधळतात.

ती एकाच आठवड्यात शिकवलेली असतात, हे बहुधा कारण असतं. 'ता' (मोठा), 'थाय' (फारच) आणि 'थ्येन' (आकाश) यांत एका टिंबाचा किंवा रेघेचा फरक आहे. 'रन' (माणूस) आणि 'रू' (आत जाणं) यांत कुठली रेघ वर डोकावते एवढाच. 'थू' (माती) मध्ये खालची आडवी रेघ लांब, 'ष' (विद्वान, शिपाई) मध्ये वरची. 'वो' (मी) आणि 'चाओ' (शोधणं) तर मोठ्यांनाही चकवतात.

पहिलं पूर्ण पक्कं झाल्यावर, तीन-चार आठवड्यांनी दुसरं द्या. मग दोन्ही शेजारी ठेवून वेगळा भाग लाल पेन्सिलीने मुलालाच रंगवू द्या. 'नीट बघ' म्हणून भागत नाही. कुठे बघायचं ते दाखवावं लागतं. आरशातल्यासारखं उलटं लिहिणं सात वर्षांपर्यंत सर्रास दिसतं, त्याची काळजी नको.

१३. एकाच अक्षराचे दोन उच्चार कसे?

अशी बरीच आहेत. एक अक्षर 'छांग' वाचलं की लांब आणि 'चांग' वाचलं की वाढणं. दुसरं 'शिंग' वाचलं की चालणं किंवा 'ठीक आहे', पण बँकेच्या 'यिन-हांग' या शब्दात तेच 'हांग'. सुटं अक्षर दाखवून 'दोन्ही उच्चार सांग' असं विचारू नका. एका कार्डाच्या मागे दोन शब्द लिहा आणि उच्चार शब्दाबरोबर येऊ द्या.

याच कारणाने बोटही शब्दावरून फिरवायला शिकवा. चिनीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे मूल एकेक अक्षर तोडून वाचतं आणि अर्थ हरवतो. 'तुंग' पूर्व, 'शी' पश्चिम, पण 'तुंग-शी' म्हणजे वस्तू. ओळीत जिथे शब्द संपतो तिथे सुरुवातीला पेन्सिलीने बारीक टिंब द्या, नंतर खोडून टाका.

१४. पुस्तकात एक सूर छापलाय आणि शिक्षिका दुसराच म्हणतात. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. लागोपाठ दोन अक्षरं तिसऱ्या सुरातली आली की त्यातलं आधीचं अक्षर दुसऱ्या सुरात म्हणतात. 'नी हाओ' हे रोजचं उदाहरण, पण छापताना दोन्ही तिसरेच छापतात. 'नाही' अर्थाचं 'पू' एरवी चौथ्या सुरात. पुढे चौथा सूर आला की दुसऱ्यात. 'यी' (एक) मोजताना पहिल्या सुरात, चौथ्यापूर्वी दुसऱ्यात, बाकी सुरांपूर्वी चौथ्यात. या दोहोंबाबत काही प्रकाशक बदललेला सूर छापतात, काही मूळ. मुलाला नियम सांगू नका, शिक्षिकेचं ऐकून म्हणू द्या. हे उत्तर पालकांसाठी आहे.

१५. हाँगकाँगच्या शाळेत कँटोनीज आहे. मूल बोलतं एक आणि पुस्तकात भलतंच असतं.

तिथे लेखन मँडरिनवर आधारलेल्या प्रमाण चिनीत असतं आणि ते कँटोनीज उच्चारांनी वाचतात. बोलताना 'तो' साठी 'खॉइ', पुस्तकात त्या जागी वेगळंच अक्षर, 'था'. बोलताना 'आहे' साठी 'हाय', पुस्तकात वेगळं. खाण्याचं क्रियापदही वेगळं. रोजच्या वापरातल्या अशा वीसेक जोड्यांची यादी करा, एका बाजूला 'बोलायचं', दुसऱ्या बाजूला 'पुस्तकातलं'. मुलं हे चटकन स्वीकारतात. आणि शाळेला आधी विचारा : तिथल्या काही शाळा चिनी विषय मँडरिनमधूनच शिकवतात.

१६. घरी छापलेलं अक्षर पुस्तकातल्यापेक्षा वेगळं दिसतं.

संगणकाने दुसऱ्या देशाचा फाँट उचलला आहे. 'हाड' अर्थाच्या 'कु' मध्ये वरच्या पेटीतला छोटा कोपरा चीनच्या वळणात डावीकडे असतो, तैवान आणि जपानच्या वळणात उजवीकडे. छापण्यापूर्वी मजकुराची भाषा 'चिनी, सिम्प्लिफाइड' (किंवा तुमच्या शाळेप्रमाणे ट्रॅडिशनल) निवडा आणि फाँट 'खाय-थी' ठेवा.

१७. मूल पुस्तक घडाघडा म्हणतं, पण वाचतंय असं वाटत नाही.

पाठ झालंय. शेवटचं वाक्य आधी विचारा, किंवा पानाच्या मधल्या एका अक्षरावर बोट ठेवा. तिथे अडलं तर त्या पुस्तकातली अक्षरं वापरून तीन नवी वाक्यं लिहून द्या. पाठ होणं वाईट नाही, फक्त त्याला वाचनात धरू नका.

१८. सिंगापूरला शाळेत मराठी नाही. हिंदी घ्यावं की चिनी?

मातृभाषा विषयात तमिळखेरीज भारतीय भाषांपैकी बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू घेता येतात, मराठी नाही. चिनी घ्यायचं असेल तर शाळेची परवानगी लागते. घरी चिनी नसेल तर ते प्राथमिक शाळेअखेरच्या परीक्षेपर्यंत रोजचं काम असतं, हे धरूनच ठरवा. चिनी घेतलंत तर देवनागरी घरी शिकवावी लागेल. दोन्ही लिप्या एकाच महिन्यात सुरू करू नका.

१९. आम्ही पुण्याला परत जातोय. शिकलेलं टिकेल का?

वाचन ४००-५०० अक्षरांच्या पुढे गेलं असेल आणि पुस्तकं बरोबर असतील तर बरंच टिकतं. लिहिणं सगळ्यात आधी जातं. सामान बांधताना मुलाच्या सध्याच्या पातळीची आणि तिच्या किंचित खालची मिळून ३०-४० पुस्तकं घ्या, वरच्या पातळीची कमी. रविवारचा डबा (प्रश्न ८) चालू ठेवा, आठवड्याला एकदा ऑनलाइन गप्पांचा तास लावा. ध्येय हवं असेल तर लहान मुलांसाठीची वायसीटी ही परीक्षा आहे : चार पातळ्या, पहिलीला ८० शब्द, चौथीला ६००.